आमचे व्याही आणि त्यांची जनावरं

जगातले यच्चयावत व्याही मानपानासाठी जन्माला येतात, आमचे व्याही मात्र गावाच्या सांडपाण्यासाठी जन्माला आले आहेत. यात अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटेल, त्यांनी एकदा माझ्या लेकीच्या सासरी जाऊन यावं. वाईहून कृष्णेच्या काठाकाठानं खाली कऱ्हाडकडे निघालं, की मधे कुठंतरी ते गाव लागतं. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. कारण सांगितलं, तर व्याही तुम्हाला एस्टी स्टँडवरूनच गाठतील, सांडपाणी शुद्ध करायचा नगरपंचायतीचा प्लांट बघायला नेतील, आणि तुमची परतीची शेवटची गाडी चुकेल. माझी चार वेळा चुकली आहे.

स्थळ बघायला म्हणून मी, माझी बायको आणि माझा मेहुणा असे तिघे पहिल्यांदा त्यांच्या दारात उभे राहिलो, तेव्हा हे गृहस्थ गमबूट घालूनच सामोरे आले. उंचेपुरे, पलटणीतल्या मिशा, आणि पलटणीतच पंपांवर उमेदीची वर्षं काढल्यामुळे ऐकायला जरासे कमी. पोहे येण्याची चिन्हं दिसत होती, तेवढ्यात ते म्हणाले, "घर काय कुटं पळून जातंय व्हय? आदी आमचा गोठा बगून घ्या. चला पावणं. वैनी, तुमीबी चला." मुलीच्या बापाला गोठ्याची चौकशी करायचीच असते, म्हणून मी आनंदानं उठलो. बायकोनं शेण लागू नये म्हणून निऱ्या वर धरल्या. गावाबाहेर नदीच्या अलीकडे एका कुंपणाच्या आत आम्हाला नेऊन त्यांनी एका भल्यामोठ्या टाकीच्या कठड्याशी उभं केलं. आत चहाच्या रंगाचं पाणी खदखदत होतं. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "ही आमची जनावरं. कोटीनं हायती. डोळ्यानं दिसायची न्हाईत, पर रातध्याड राबत्यात. गावानं टाकल्यालं समदं खात्यात आन् पाणी नितळ करून देत्यात. आपुन निस्ती हवा द्यायची. वैरण गाव पुरवतंय."

माझ्या बायकोचा पदर नाकाकडे निघाला होता. पण तिथं घाण वास नव्हताच. व्याह्यांनी ते ओळखलं आणि आपला मुलगा वर्गात पहिला आल्यासारखे खुलले. "चांगल्या टाकीला वल्या मातीचा वास येतुया वैनी. घाण वास आला की समजायचं, जनावर आजारी पडलं." परत आलो तेव्हा पोहे गार झाले होते आणि मुलगा कसा आहे हे विचारायचं आम्ही विसरलो होतो.

ते आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हाही तसंच. पत्रिका आणली नव्हती, मागितलीही नव्हती. मुलीला शिक्षण, स्वयंपाक, छंद असलं काही विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवून फक्त म्हणाले, "बाळ, तळणीचं उरल्यालं तेल काय करतीस? मोरीत वततीस का?" मुलगी गोंधळली. मग खरं ते बोलली, "नाही. देवापुढच्या दिव्याला घालते, आणि फारच काळं झालं तर कागदात टिपून कचऱ्यात टाकते." व्याह्यांनी मांडीवर थाप मारली आणि "पसंत!" म्हणून जाहीर केलं. त्यांच्या चिरंजीवांनी तोवर मान वर करून मुलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बिचाऱ्याला घाईघाईनं पसंत पडावं लागलं.

व्याह्यांचं नाक हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कान गेले त्याची भरपाई देवानं नाकात केली असावी. गावाचं पाणी भुयारी गटारातून प्लांटच्या तोंडाशी येतं, तिथं एक लोखंडी जाळी आहे. रोज सकाळी त्या जाळीपाशी उभं राहून ते दीर्घ श्वास घेतात आणि आदल्या दिवसाचं गाव वाचून काढतात. "काल वरल्या आळीत मटान हुतं. पेठेत कुनीतरी भिंत रंगवाय काढलीया. आन् हायस्कुलाच्या बाजूला कापडं लय धुतली, पावनं आलं असत्याल." हे सगळं खरं निघतं, म्हणून गावात त्यांना जरा टरकून असतात. पण त्याच जाळीनं त्यांना माणसंही मिळवून दिली. जाळीत काय अडकत नाही? चमचे, जोडवी, खेळणी, शाम्पूच्या पुड्या. एकदा एक दातांची कवळी आली. त्यांनी ती तीनतीनदा उकळली, स्वच्छ रुमालात बांधली, आणि दोन दिवस गावात फिरून कोण खाली मान घालून तोंडातल्या तोंडात बोलतंय याचा शोध घेतला. तिसऱ्या दिवशी एका बड्या असामीच्या हातात गुपचूप पुरचुंडी दिली. ती असामी कोण, हे त्यांनी आजवर मला सांगितलेलं नाही. मी पुष्कळ खोदून पाहिलं.

ते काचेचं एक उंच नळकांडं वापरतात. टाकीतलं गढूळ पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास गाळ खाली कसा बसतो ते बघायचं, एवढीच ती परीक्षा. पण त्या अर्ध्या तासात तिथं उभ्या असलेल्या माणसानं खोकलेलंही त्यांना खपत नाही. मी एकदा उसाच्या भावाबद्दल काहीतरी बोलायला गेलो, तर मला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. गाळ खाली बसून वर दोन वीत नितळ पाणी दिसलं, की मग त्यांचा जीव खाली बसतो. "आता बोला. काय म्हनतोय ऊस?" आमच्या पोस्टात नोकरीभर मी साहेबांपुढे जेवढा उभा राहिलो नाही, तेवढा त्या नळकांड्यापुढे राहिलो आहे.

जनावरांच्या पोटाची त्यांना माणसांहून काळजी. नागपंचमीला निम्मं गाव शिराळ्याला जातं, तेव्हा गटाराला पाणी कमी येतं आणि टाकीतली जनावरं उपाशी राहतात. मग हे गुऱ्हाळातून गूळ आणतात, बादलीत विरघळवतात आणि "खावा रं, गाव उद्या येतंय" म्हणत टाकीत ओततात. दिवाळीनंतर उलटं. चकल्यांचं तेल मोरीत जाऊ नये म्हणून पत्र्याचा डबा घेऊन घरोघर उभे राहतात. ते फराळ मागायला आलेत असं समजून एका वहिनींनी चुकून डब्यात चिवडा घातला. यांनी तो तिथंच उभ्याउभ्या खाल्ला आणि म्हणाले, "चिवडा झ्याक हाय. आता त्याल द्या."

हे सगळं कशासाठी, हे मात्र ते कधी आपणहोऊन सांगत नाहीत. ते मला गावातल्या इतरांनी सांगितलं. प्लांट व्हायच्या आधी सगळ्या गावाचा नाला सरळ कृष्णेत जायचा. उन्हाळ्यात नदी आटली, की खालच्या अंगाला काळं पाणी आणि फेस. पुढच्या गावच्या बायका धुणं घेऊन आपला घाट सोडून या गावाच्या वर चालत यायच्या, आणि त्या गावात दर उन्हाळ्यात कावीळ ठरलेली. आता त्याच घाटावर पोरं डुंबतात, खवल्या मासा दिसतो, आणि त्या गावच्या नळाला नदीचंच पाणी आहे. मी वाईचा, घाटाच्या पायऱ्यांवर वाढलेला. कृष्णेबद्दल दोन शब्द बोलायचे तर आमच्या घशात आपोआप आवंढा येतो. एकदा मी भारावून म्हणालो, "पाहुणे, तुम्ही कृष्णामाईची सेवा करताय." तर म्हणाले, "नदीची कसली सेवा करताय? ती आपली आपुन व्हाती. तिच्यात घान जाऊ द्यायची न्हाई, येवढंच काम हाय." मी आवंढा गिळून टाकला.

लग्न ठरलं तेव्हा त्यांची एकच अट होती. हुंडा नको, मानपान नको, पण कार्य त्यांच्याच गावात करायचं. "मला जनावरं सोडून वाईला दिसभर ऱ्हाता येनार न्हाई. येकुलता येक पोरगा हाय. त्याच्या डोसक्यावर अक्षता टाकायच्यात मला." मला अट आवडली. इतका सोपा व्याही मिळाला, तर त्याच्यासाठी काहीतरी भव्य करावं असं मुलीच्या बापाला वाटणारच. तेच मला नडलं.

माझ्या डोक्यात असं आलं, की ज्या माणसाचं नाक एवढं तिखट आणि ज्याचा जन्म गटारात गेला, त्याच्यासमोर आपण घेतलेल्या मंगल कार्यालयाच्या मोऱ्यांना वास येऊन चालायचं नाही. त्यांनी नुसतं नाक वर केलं तरी मी मेलो. मेहुणा एका दूध डेअरीत नोकरीला आहे आणि सल्ला देणं हा त्याचा जोडधंदा. तो म्हणाला, "दाजी, काळजी सोडा. आमच्याकडे पाइप धुवायचं औषध मिळतं, एक जंतू शिल्लक राहायचा नाही." लग्नाच्या दिवशी सकाळी सातला त्यानं टेम्पोतून निळे कॅन उतरवले. आम्ही दोघांनी बाह्या सरसावल्या. स्वयंपाकघर, मोऱ्या, संडास, हात धुवायची जागा, जिथं जिथं जाळी दिसली तिथं तिथं कॅन उपडे केले. डोळ्यांतून पाणी आलं, पण मोरी अशी चकाकली की तिच्यात पान वाढावं. मी समाधानानं अंघोळ करून नवं धोतर नेसलो.

दहा वाजता व्याहीभेट. सनई सुरू, फेटे बांधलेले, मी हार घातला, त्यांनी हार घातला, आणि रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना मिठी मारली. मिठी अर्ध्यावर असतानाच त्यांचं अंग ताठ झालं. माझ्या खांद्याशी त्यांनी दोनदा श्वास घेतला. मग हात सोडून म्हणाले, "पावणं, आलोच," आणि फेट्यासकट मोटारसायकलवर बसून निघून गेले. मांडवात कुजबुज सुरू झाली. मेहुणा म्हणाला, "फेटा हलका निघाला. मी सांगत होतो, जरीचा घ्या." शेवटी व्याही तो व्याहीच, असं मी मनात म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.

तासाभरानं ते परतले. नव्या धोतराखाली गमबूट, आणि चेहरा असा की कुणी वाटेत आलं नाही. स्टेजवर चढून त्यांनी पाहुण्यांची नावं पुकारणाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"मंडळी, मी नवऱ्याचा बाप. हात जोडून इनंती हाय. सकाळच्या पारी कसलंसं तिखट औषध गटारीतनं टाकीत आलंया. निम्मी जनावरं मेली. ऱ्हायल्याली वाचवाय मला टायम पायजे. सांजपातुर गावानं मोरीत थेंब सोडू नगा. जेवून हात बादलीत धुवा, बादली झाडाला वता. भांडी उद्या घासू."

बड्यांपैकी कुणीतरी खुर्चीतून म्हणालं, "आवं, यवढं कशाला? टाकीचं नदीकडचं दार उघडा. येक दीस सोडलं तर काय हुतंय? पुढच्या गावाला फोन करा, मोटार लावू नगा म्हनावं."

"येका गावाला करीन. त्याच्या फुडं सांगलीपातुर गावंच हायती. कुनाकुनाला फोन करू?" मग ते म्हणाले, "दार न्हाई उगडनार. कुनी वतलं ते इचारायचं कारन न्हाई आत्ता."

मी खांबाला धरून उभा होतो. मेहुणा माझ्याकडे बघत नव्हता. स्टेजवर जाऊन माईक घ्यावा आणि सांगावं, की मी ओतलं. एवढं साधं काम होतं. आठशे माणसं समोर, बोहल्यावर मुलगी. मी खांब सोडला नाही.

पण त्या गावानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. कचऱ्याची घंटागाडी कर्ण्यावर गाणं बंद करून आळीआळीतून व्याह्यांचा निरोप सांगत फिरली. धुणी थांबली, टाक्यांचे कॉक बंद झाले. मघाशी बोललेली ती बडी असामी आपणहोऊन उठली आणि बादल्या मांडायला लागली. तिचे दात जरा जास्तच एकसारखे होते, हे तेव्हा मला दिसलं. कार्यालयात जेवणाच्या पंगती उठल्या तशा बादल्या हातोहात मागच्या नारळांकडे जाऊ लागल्या. आमच्याकडचे एक लांबचे काका मोठ्यानं म्हणाले, "मुलीच्या बापानं हात धुवायला पाणीही मोजून दिलं बरं का." मी ऐकून घेतलं. मी त्या दिवशी त्याहून पुष्कळ ऐकायला हवं होतं.

मंगलाष्टकं झाली तेव्हा व्याही टाकीवर होते. शेवटच्या 'सावधान'ला मुलानं अंतरपाटावरून एकदा दाराकडे पाहिलं. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि लगेच हसल्याही. माझ्या मुठीतल्या अक्षता मी टाकल्याच नाहीत. त्या तशाच रुमालात बांधल्या आणि कुणाला न सांगता प्लांटवर गेलो.

ते कठड्याशी उभे होते. फेटा काढून पंपावर ठेवलेला. टाकीतला तो चहाचा रंग गेला होता, पाणी राखाडी दिसत होतं आणि वास माझ्याच अंगाचा येत होता. कोपऱ्यात शेणकाल्याची पिंपं, गुळाच्या ढेपा. हवा पूर्ण सोडून ते औषध उडवून लावत होते. दुसऱ्या तालुक्यातल्या प्लांटवरून जिवंत गाळाचा टँकर निघाला होता. "इरजान मागवलंय," म्हणाले. "दूध नासलं तर शेजारनं वाटीभर इरजान आणावंच लागतंय."

मी म्हणालो, "पाहुणे, ते औषध मी ओतलं."

"ठावं हाय."

"कसं?"

"मिठी मारली न्हवं तुमी."

"मग तिथंच का नाही बोललात? मला चार शिव्या घालायच्या होत्या."

त्यांनी नळकांडं उन्हाकडे धरलं, खाली ठेवलं. "चारचौघात? आन् लेकीच्या बापाला? आवं, घान पानी हितं आनलं तर निवाळतंय. लगीनघरात पडल्याला शबूद कुटं निवाळायला न्ह्यायचा? माजी सून हाय ती आता. तिला जल्मभर ऐकवत्याल लोकं."

मी त्या कठड्यावर बसून रडलो. साठीचा माणूस, नेसलेलं नवं धोतर, समोर गावाचं सांडपाणी. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता ती गुळाची ढेप फोडा. खलबत्ता न्हाई, दगडानं फोडा." मेहुणाही मागाहून आला. त्याला त्यांनी शेणकाला ढवळायला लावलं. जन्मात पहिल्यांदा तो एकही सल्ला न देता तासभर राबला.

टँकर पाचला आला. दाट, काळपट गाळ टाकीत पडायला लागला आणि तेवढ्यात फाटकापाशी फुलांनी सजवलेली गाडी थांबली. सासरी निघालेल्या माझ्या लेकीनं गाडी इकडे वळवायला लावली होती. शालू सावरत ती आणि जावई आत आले आणि वाकले. व्याही मागं मागं सरकत ओरडले, "पायाला शिवू नगा, घान हाय!" ती म्हणाली, "असू दे, मामा," आणि तिनं गमबुटांना हात लावून नमस्कार केला. मी रुमाल सोडून त्यांच्यापुढे धरला. त्या अक्षतांकडे ते नुसते बघत राहिले. मग हात सदऱ्याला खसाखसा पुसले, मूठ भरली आणि मुलाच्या डोक्यावर टाकली, सुनेच्या डोक्यावर टाकली. उरलेल्या चार दाण्यांचं काय करावं कळेना, तेव्हा टाकीत टाकले. "त्यास्नीबी," म्हणाले, आणि तोंड फिरवून पंपाचा आवाज ऐकत राहिले. त्यांना तो नीटसा ऐकू येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे आठ दिवस ते घरी गेले नाहीत. अर्धकच्चं पाणी कुंपणातल्या बांबूंना सोडलं, गावानं पाणी बेतानं वापरलं, आणि नवव्या दिवशी गाळ खाली बसून नितळ पाणी दिसलं तेव्हा मला फोन आला. "पावणं, दावन भरली." एवढंच बोलले आणि ठेवला.

यंदा ते निवृत्त होतील. माणूस भला असेल तर त्याला हार घालतात, शाल देतात, तसं त्यांचंही होईल. भाषण मला करायला सांगितलं आहे. काय बोलावं म्हणून परवा मी पुढच्या गावच्या घाटावर जाऊन बसलो. बायका धुणं आपटत होत्या, पाणी गुडघाभर होतं आणि तळाचे गोटे दिसत होते. मी एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "आजी, मागं एकदा वरच्या गावात लग्न होतं, त्या दिवशी नदीला काही झालं होतं का हो?"

आजींनी जरा आठवून पाहिलं. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. "वरली टाकी झाल्यापास्नं कवाच काय न्हाई झालं."